‘ठरलेलं’ या एका शब्दात मी दीड वर्ष अडकले होते

माझ्या एम.ए.च्या डिझर्टेशनचा (लघुप्रबंधाचा) पहिला मसुदा ६२ पानांचा होता. माझ्या गाइड असलेल्या बाईंनी तो तीन आठवड्यांनी परत दिला, तेव्हा समासात शेरे जवळजवळ नव्हतेच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शब्द पेन्सिलीने गोल केलेला होता, ४१ ठिकाणी: ‘ठरलेलं’. आणि शेवटी बारीक अक्षरात एक ओळ: ‘हे सगळे एकाच अर्थाचे आहेत का? तपासून ये.’

त्या संध्याकाळी मी कुर्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत उभ्याने आले. पिशवी छातीशी धरली होती, पण पानं बाहेर काढायचं धाडस झालं नाही. बाईंनी मसुदा वाचलाच नाही, नुसते शब्द मोजले, असं वाटत राहिलं. दीड वर्षाचं काम आणि त्यावर एवढंच? आज सांगते, त्या एका ओळीइतकं उपयोगी मला अख्ख्या एम.ए.त कुणी काही सांगितलं नाही.

यंदा एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेल्या, आणि नियततावाद (डिटर्मिनिझम: आधीच्या कारणांतून पुढचं एकच निघतं हे मत) व इच्छास्वातंत्र्य यांवर पेपर किंवा डिझर्टेशन करायचं मनात असलेल्यांसाठी हे लिहिते आहे. लाप्लास कोण, ह्यूम काय म्हणाला, हार्ड आणि सॉफ्ट डिटर्मिनिझममध्ये फरक काय, हे तुम्हाला कुठेतरी भेटलेलं असणार. ते पुन्हा सांगत नाही. मी ज्या खड्ड्यात पडले तो मात्र खोलीसकट दाखवणार आहे. इंग्रजी पुस्तकं तो दोन वाक्यांत उरकतात. मराठीत विचार करणाऱ्याला तो फार खोल लागतो.

मी या विषयाकडे आले कशी ते आधी सांगायला हवं, कारण चुकीचं मूळ तिथेच आहे. बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबा गेले. दोन दिवस जळजळ होत होती. ॲसिडिटी समजून गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीने कामावर गेले आणि दुपारी त्यांच्या ऑफिसातून फोन आला. त्यानंतर आमच्या घरात दोन वाक्यं राहायला आली. आजी म्हणायची, ‘त्याचं ठरलेलंच होतं, वेळ आली होती.’ आई म्हणायची, ‘मी त्या सकाळी अडवायला हवं होतं.’ आजीला तिच्या वाक्याने झोप लागायची. आईला तिच्या वाक्याने लागत नव्हती.

मला आईसाठी आजीचं वाक्य सिद्ध करून हवं होतं. भौतिकशास्त्र शिकत होते, त्यामुळे ते जमेल असंही वाटलं. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ साली लिहिलेला तो परिच्छेद वाचला: विश्वातल्या प्रत्येक वस्तूची स्थिती आणि तिच्यावरची सगळी बलं एखाद्या बुद्धीला एका क्षणी कळली, तर तिला भूत आणि भविष्य दोन्ही डोळ्यांसमोर दिसतील. मी म्हटलं, मिळालं. आजी बरोबर आहे, म्हणजे आईचा काही दोष नाही. उत्तर मुठीत धरूनच मी तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिरले.

हे करू नका. म्हणजे दुःख घेऊन येऊ नका असं नाही. या विषयाकडे येणारे बरेचजण काहीतरी घेऊनच येतात आणि त्यात गैर काहीच नाही. पण आपल्याला कोणतं उत्तर हवं आहे, ते पहिल्याच दिवशी एका कागदावर स्पष्ट लिहा आणि गाइडला दाखवा. लपवून ठेवलंत तर ते तुमच्या युक्तिवादात शिरतं, आणि कुठून शिरलं ते तुम्हाला कळतही नाही. माझ्या बाबतीत ते एका शब्दातून शिरलं.

माझा ६२ पानी युक्तिवाद तीन वाक्यांचा होता. प्रत्येक घटना आधीच्या कारणांनी ठरलेली असते. जे ठरलेलं असतं ते काहीही केलं तरी टळत नाही. म्हणून कोणतीही घटना, काहीही केलं तरी, टळत नाही. वाचताना कुठे खटकतं का? मला दीड वर्ष खटकलं नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात शिकलेलं रूप अगदी नीट दिसतं: सगळे क हे ख, सगळे ख हे ग, म्हणून सगळे क हे ग.

आता प्रत्येक ठिकाणी ‘ठरलेलं’ खोडा आणि तिथे त्याचा अर्थ लिहा. पहिल्या वाक्यात अर्थ असा: आधीची परिस्थिती आणि निसर्गाचे नियम पूर्ण धरले, तर पुढे काय घडेल याची एकच शक्यता उरते. हा नियततावाद. दुसऱ्या वाक्यात मात्र ‘ठरलेलं’ म्हणजे कुणीतरी किंवा कशाने तरी शेवट आधीच नेमून ठेवलेला आहे, आणि मधला रस्ता कोणताही घेतला तरी त्या शेवटालाच पोचायचं आहे. हा दैववाद. शब्द एक, दावे दोन. पहिल्या वाक्यातला अर्थ दुसऱ्यात घातला तर दुसरं वाक्य खोटं होतं. दुसऱ्यातला पहिल्यात घातला तर पहिलं वाक्य विज्ञानाचं राहत नाही. कसंही केलं तरी निष्कर्ष निघत नाही.

न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, याला वाक्छल म्हणतात. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण तुम्ही वाचलं असेल: ‘नवकम्बल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला, आणि समोरचा मुद्दाम म्हणतो, याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत? वादात दुसऱ्याला पकडायची ही युक्ती आहे. मी ती नकळत स्वतःवरच चालवली होती. छल करणारा आणि फसणारा एकच असला की ओळखायला फार वेळ लागतो.

बाईंनी मला हे कुकरवरून समजावलं. तीन शिट्ट्यांनी तूरडाळ शिजते. डाळ किती, पाणी किती, आच किती, दाब किती, हे सगळं पक्कं असेल तर डाळ शिजणार हेही पक्कं. हा नियततावाद. आता पहिल्या शिट्टीला गॅस बंद करा. डाळ कच्ची राहील, आणि नियम एकही मोडणार नाही. उलट नियमानेच ती कच्ची राहील. ‘डाळ शिजणं ठरलेलं आहे, मग गॅस चालू ठेवा नाहीतर बंद करा’ असं म्हणणारा दैववादी. नियततावादाला गॅसची कळ फिरवणारा हात लागतो. तो हात कारणांच्या साखळीतच आहे, साखळीच्या बाहेर उभा राहून बघत बसलेला नाही.

एवढं ऐकलं आणि मी गप्प बसले. कारण याचा अर्थ माझ्या घरात काय होतो ते मला त्याच क्षणी कळलं होतं. त्याकडे शेवटी येते.

हा खड्डा फार जुना आहे, त्यामुळे त्यात पडल्याबद्दल लाज वाटून घेऊ नका. ग्रीकांकडे ‘आळशी युक्तिवाद’ नावाचा एक युक्तिवाद होता: तू बरा होणार हे ठरलेलं असेल तर वैद्य बोलावलास काय आणि न बोलावलास काय, बरा होणारच, न होणं ठरलेलं असेल तर वैद्य येऊनही उपयोग नाही, म्हणजे दोन्हीकडून वैद्य बोलावण्यात अर्थ नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या क्रिसिप्पस या स्टोइक पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने त्याला दिलेलं उत्तर रोमन लेखक सिसेरोने नोंदवून ठेवलं आहे: बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्य बोलावणंही त्याच्याबरोबरच ठरलेलं असेल. दोन्ही एकत्र बांधलेलं आहे, एक सुटं करून दुसरं ठेवता येत नाही. आपल्याकडे हाच युक्तिवाद आज्यांच्या तोंडी आहे: असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. मला तर वाटतं, पहिल्या सेमिस्टरला हीच म्हण फळ्यावर लिहून तिची आधारविधानं (ज्यांवर निष्कर्ष उभा असतो ती वाक्यं) वेगळी करायला लावावीत. परक्या उदाहरणांवर घोटलेली पद्धत हातात बसायला जास्त वेळ लागतो.

मराठीतली अडचण आणखी एक आहे. डिटर्मिनिझमला कुणी नियततावाद म्हणतं, कुणी निर्धारवाद, आणि बरेचजण सरळ नियतिवाद म्हणतात. ‘नियती’ हा शब्द आला की मागोमाग प्राक्तन, संचित, ललाटलेख सगळे येऊन बसतात. बाईंनी मला दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं सामञ्ञफलसुत्त वाचायला लावलं. त्यात मक्खली गोशालाचं मत दिलं आहे. बुद्धाच्या काळातला हा आजीवक पंथाचा आचार्य म्हणजे आपल्याकडचा मूळ नियतिवादी. त्याच्या तोंडी काय आहे बघा: प्राण्यांच्या मलिन होण्याला हेतू नाही, प्रत्यय नाही (इथे दोन्हींचा अर्थ कारण); शुद्ध होण्यालाही हेतू नाही, प्रत्यय नाही; पुरुषकार (माणसाचा प्रयत्न) म्हणून काही नाही. सुताचा गुंडा फेकला की तो जसा उलगडत उलगडत संपतो, तसे शहाणे आणि मूर्ख सगळे ८४ लाख महाकल्प (प्रचंड लांब युगं) फिरून दुःखाचा अंत करतात.

मी हे दोनदा वाचलं. हेतू नाही, प्रत्यय नाही! गोशालाचा नियतिवाद कारणं नाकारतो. लाप्लासचा सिद्धांत कारणांशिवाय दुसरं काही मानतच नाही. मी या दोघांना एकाच शब्दात कोंबून ६२ पानं लिहिली होती. तेव्हापासून मी डिटर्मिनिझमसाठी ‘नियतिवाद’ हा शब्द वापरत नाही. तुम्ही ‘नियततावाद’ घ्या किंवा दुसरा कोणताही घ्या, पण पहिल्या पानावर त्याची व्याख्या लिहा आणि नंतर तिला बांधून राहा. कर्मविपाकाचंही तेच. टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे, ते जरूर वाचा. पण कर्माचा नियम कृतीच्या नैतिक फळाबद्दल आहे आणि भौतिक नियततेचा दावा घटनांबद्दल आहे, हे वेगळं ठेवून वाचा.

याच खड्ड्याला एक आतली कपार आहे. ‘ठरलेलं’ सोडवल्यावर मी ‘अटळपणे’मध्ये अडकले. ‘कारणं अशी असतील तर परिणाम अटळपणे असा’, यात ‘अटळपणे’ नेमकं कशाला चिकटलेलं आहे? पूर्ण ‘जर-तर’ला, की फक्त ‘तर’च्या पुढच्या तुकड्याला? मराठीत शब्द पुढेमागे सरकतात, म्हणून हे वाक्यात दिसत नाही. साधं उदाहरण घ्या. जो अविवाहित आहे त्याला बायको असूच शकत नाही. खरं आहे. आमच्या चाळीतला एक दादा अविवाहित आहे. तेही खरं. म्हणून त्याला बायको असूच शकत नाही? तो पुढच्या महिन्यात लग्न करू शकतो की. अटळ आहे ते नातं: अविवाहित असणं आणि बायको नसणं यांतलं. त्याचं बायकोशिवाय असणं हे काही अटळ नाही. तसंच, नियततावादात कारण आणि परिणाम यांचं नातं पक्कं आहे. तेवढ्यावरून परिणाम स्वतः अटळ ठरत नाही. त्यासाठी कारणंही अटळ होती हे वेगळं दाखवावं लागतं, आणि तिथे खरी लढाई सुरू होते.

तुम्ही लिहाल त्या प्रत्येक मसुद्यात ‘अटळ’, ‘नक्की’, ‘च’ आणि ‘असणारच’ यांना रंगीत पेनाने खूण करा. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. विशेषतः तो ‘च’. एक अक्षर आहे, पण आख्खा युक्तिवाद ते पोटात घेतं.

अजून एक गोष्ट याच्याशी घट्ट बांधलेली आहे. २६ जुलै २००५ला मी लहान होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३. बाबा त्या रात्री घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत, चिखलाने माखून आले. तेव्हा आजी म्हणाली होती, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ आणि पुढे ते गेले तेव्हा, ‘वेळ आली होती.’ आजीच्या दुःखाला आणि तिच्या शब्दांना मी नमस्कार करते. पण दावा म्हणून बघितलं तर माणूस वाचला तरी तो खरा आणि गेला तरी खरा. काय घडलं असतं तर तो खोटा ठरला असता? काहीच नाही. असा दावा आधार देऊ शकतो, माहिती देऊ शकत नाही. तुमच्या पेपरातल्या प्रत्येक मोठ्या वाक्याला हा प्रश्न विचारा.

त्याच पावसाकडे दुसऱ्या बाजूने बघा. ९४४ मिलिमीटर पडेल असं कुणालाही आधी सांगता आलं नाही. म्हणून तो पाऊस विनाकारण पडला का? नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झने १९६३ साली दाखवलं की पूर्णपणे नियत अशा समीकरणांतही सुरुवातीचा अगदी बारीक फरक पुढे इतका वाढतो की भाकीत हातातून सुटतं. भाकीत करता न येणं वेगळं आणि नियत नसणं वेगळं. भौतिकशास्त्रातून येणारे इथे हमखास घसरतात. मीही घसरले असते, पण हा धडा मला घरबसल्या मिळालेला होता.

आता शॉर्टकटबद्दल. माझी मतं तीव्र आहेत आणि ती तशीच मांडते.

यूजीसीच्या नेट परीक्षेच्या तयारीला इच्छास्वातंत्र्याचे क्लासचे नोट्स वापरायचे तर वापरा. त्या परीक्षेत दोन पेपर मिळून १५० बहुपर्यायी प्रश्न असतात, ३०० गुण, तीन तास. तिथे कुणाचं मत कोणतं हे पटकन आठवावं लागतं आणि नोट्सने ते होतं. पण ते नोट्स डिझर्टेशनच्या टेबलावर आणू नका. मी एका क्लासचे झेरॉक्स आणले होते. त्यात डिटर्मिनिझम आणि फेटॅलिझम (दैववाद) एकाच चौकटीत, मध्ये तिरकी रेघ मारून लिहिले होते. ती तिरकी रेघ मला दीड वर्षाला पडली. सारांशाच्या व्हिडिओंचंही तसंच. सारांश करणारा सगळ्यात आधी जे गाळतो तो भेद असतो, आणि आपला सगळा विषय भेदांवर उभा आहे.

दुसरा शॉर्टकट मेंदूचा. सुरुवातीच्या काळात मला एका वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला होता: ‘लिबेटचा प्रयोग घाल, आजकाल चालतं.’ मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटच्या १९८३च्या प्रयोगात माणसांनी वाटेल तेव्हा मनगट हलवायचं होतं. मेंदूतली तयारीची लहर हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली आणि ‘आता हलवावं’ ही जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी झाल्याचं लोकांनी सांगितलं. यावरून ‘मेंदू आधीच ठरवतो’ असे मथळे निघतात. बघा, पुन्हा ‘ठरवतो’! ती लहर म्हणजे निर्णय, हे प्रयोगात कुठे मोजलं? ते प्रयोगाबाहेर गृहीत धरलं. २०१२ साली श्युर्गर आणि सहकाऱ्यांनी तीच लहर मेंदूतल्या आपोआपच्या चढउतारांची सरासरी म्हणूनही समजावता येते असं दाखवलं. लिबेट वाचूच नका असं म्हणत नाही. पण पहिल्या प्रकरणात घालू नका. संकल्पना स्पष्ट नसताना प्रयोग आणला की आपल्याला सिद्धता मिळाल्यासारखी वाटते, आणि विचार तिथेच थांबतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, भेद कळला, प्रश्न सुटला. मलाही दोन महिने तसंच वाटत होतं. दैववाद बाजूला काढला, माणसाचा प्रयत्न साखळीत बसवला, मग अडचण काय? हा दुसरा खड्डा, आणि हुशार विद्यार्थी यातच पडतात.

पीटर व्हॅन इनवेगन या तत्त्वज्ञाने १९८३ साली सविस्तर मांडलेला युक्तिवाद घ्या. माझ्या जन्माआधीच्या काळात काय होतं ते माझ्या हातात नाही. निसर्गाचे नियम माझ्या हातात नाहीत. नियततावाद खरा असेल तर माझी आजची कृती या दोघांतून निघते. मग ती माझ्या हातात कशी? यात ‘काहीही केलं तरी’ कुठेच नाही. कुकरचं उदाहरण इथे अपुरं पडतं, कारण गॅसची कळ फिरवणारा हातही त्या दोघांतूनच येतो. ‘हातात नसणं’ आधारविधानांतून निष्कर्षापर्यंत पोचवणारा त्याचा नियम पुढे खूप तपासला गेला. १९९६मध्ये मॅके आणि जॉन्सन यांनी त्याच्या मूळ रूपाला प्रतिउदाहरण दिलं. तरी युक्तिवादाची धग गेली नाही. तो हलका समजू नका.

आणि ‘क्वांटममध्ये नियतता नाही’ म्हणून सुटू नका. माझ्या डोक्यात एखादा कण योगायोगाने इकडे गेला की तिकडे, याने माझी कृती माझी कशी होईल? कारणांच्या हातून काढून योगायोगाच्या हातात दिली, एवढंच.

घाबरू नका. या प्रश्नावर सगळ्यांचं एकमत नाही, आणि ते तुमच्या डिझर्टेशनने घडवून आणायचं नाही. २०२०मध्ये तत्त्वज्ञांच्या एका मोठ्या सर्वेक्षणात सुमारे ५९ टक्के लोक नियतता आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात या बाजूला होते, सुमारे १९ टक्के नियतता नाकारून स्वातंत्र्य मानणारे, आणि सुमारे ११ टक्के इच्छास्वातंत्र्यच न मानणारे. आयुष्यभर हेच करणारी माणसं अशी विभागलेली आहेत. एम.ए.च्या विद्यार्थ्याकडून अपेक्षा एका सांध्याची असते: एक युक्तिवाद घ्या, त्याचं एक आधारविधान निवडा, त्यावरचा सगळ्यात बळकट पूर्वपक्ष (विरोधी बाजूचं म्हणणं) त्याच्या बाजूच्या माणसालाही मान्य होईल असा मांडा, आणि मग उत्तर द्या. ४० पानं पुरतात. मी दुसऱ्या मसुद्यात जी. ई. मूर या तत्त्वज्ञाचं १९१२चं विश्लेषण घेतलं: ‘मी वेगळं वागू शकले असते’ म्हणजे ‘मी तसं ठरवलं असतं तर वेगळं वागले असते’. त्यावर जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५६मध्ये घेतलेला आक्षेप घेतला, आणि तो कुठवर पोचतो तेवढंच तपासलं. हॅरी फ्रँकफर्ट या तत्त्वज्ञाचा १९६९चा लेख, वेगळं वागता आलं नसतं तरी माणूस जबाबदार असू शकतो असं सांगणारा, मोह होऊनही एका तळटीपेत ठेवला. सगळं घालायचा हट्ट सोडणं फार जड गेलं.

गाइड निवडताना नाव बघू नका. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे परत आलेले मसुदे बघायला मागा. ज्यांच्या समासात ‘म्हणजे काय?’ असं वारंवार दिसतं त्यांच्याकडे जा. ‘छान’ लिहिणाऱ्यांकडे जाऊ नका, कितीही प्रेमळ असले तरी. आणि वाचन हळू करा. पी. एफ. स्ट्रॉसनचा १९६२चा स्वातंत्र्य आणि राग यांवरचा लेख मी तीन आठवडे वाचत होते, कलिन्याच्या नेहरू ग्रंथालयात, गाडीत, घरी ओट्यापाशी उभी राहून. त्यात तो विचारतो की आपण एकमेकांवर रागावतो, कृतज्ञ असतो, माफ करतो, हे सगळं नियततेचा सिद्धांत खरा ठरला म्हणून टाकून देता येईल का, आणि आपण दोष देणं नेमकं कधी थांबवतो: ‘त्याला माहीत नव्हतं’, ‘तिला ढकललं होतं’, अशी कारणं कळतात तेव्हा. विश्वाची रचना कळल्यावर नाही.

तो लेख वाचून संपला त्या रात्री मला आईच्या वाक्याची दोन वाक्यं दिसली. एक, ‘अडवलं असतं तर वाचले असते.’ दुसरं, ‘न अडवणं ही माझी चूक.’ मी दीड वर्ष पहिलं खोटं पाडायला निघाले होते, कारण तेवढ्यानेच दुसरं खोटं पडेल असं मला वाटत होतं. नियततावादाने पहिलं खोटं पडत नाही. कदाचित ते खरंच आहे. त्या सकाळी ईसीजी निघाला असता तर पुढची कारणं वेगळी झाली असती. पण दुसऱ्यासाठी वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: त्या सकाळी तिला काय माहीत होतं?

डिझर्टेशन जमा केल्यावर काही दिवसांनी आईने भाजी निवडताना विचारलं, ‘तुझ्या त्या पुस्तकात शेवटी काय निघालं?’ मी पहिल्यांदा खोटं काही सांगितलं नाही. म्हटलं, ‘आई, अडवलं असतंस तर वाचलेही असते. पण अडवायला हवं हे कळावं असं त्या सकाळी तुझ्यासमोर काय होतं?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘जळजळतंय म्हणाले. तेवढंच. डबासुद्धा नीट घेऊन गेले.’